ईको व्हॅनचा कॅम्पर: इंदूरच्या उन्हात टिकेल असा

मारुती ईकोचा कॅम्पर, म्हणजे आत झोपून प्रवास करता येईल अशी गाडी, बनवायचा असेल तर काहीही विकत घेण्याआधी एक रात्र रिकाम्या गाडीत झोपा. घरातली जुनी गादी टाका, पाण्याची बाटली घ्या, गाडी घराखालीच लावा आणि सकाळपर्यंत आत राहा. आम्ही दोघांनी हे जानेवारीत केलं, राजेंद्रनगरच्या आमच्या गल्लीत. थंडी होती म्हणून काचा घट्ट बंद केल्या. पहाटे चारच्या सुमाराला बायकोच्या कपाळावर टपकन थेंब पडला. छताला हात लावला तर तळवा ओला झाला. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपानं बाहेर पडतं, ते थंड पत्र्यावर जमून खाली येत होतं. गादीची पत्र्याला टेकलेली कड आणि उशीची खालची बाजू, दोन्ही दमट झाल्या होत्या.

त्या रात्रीपर्यंत माझ्या वहीत फ्रीज, बेसिन, लाकडी कपाटं, रंगीत दिवे अशी यादी होती. सकाळी पोहे खाताना बायको म्हणाली, "अहो, आधी श्वास घ्यायची सोय करा, मग कपाटाचं बघू." ती यादी बाजूला ठेवली आणि नवी लिहिली: हवा, सावली, झोप, वजन. पुढचं सगळं या चार गोष्टी धरून सांगतो, कारण बहुतेकांचं काम उलटं, कपाटांपासून सुरू होतं आणि तिथंच पैसे बुडतात.

कोणती गाडी

दोन माणसं आणि दोन ते चार रात्री असा हिशेब असेल तर पाच सीटची ईको पुरते. लांबी ३,६७५ मिमी, रुंदी १,४७५ मिमी. राजवाड्याच्या गर्दीतही घालता येते, रोज कामावर नेता येते. उभं राहायची जागा हवी असेल तर टाटाची विंगर किंवा फोर्सची उंच छताची ट्रॅव्हलर बघावी. ट्रॅव्हलर तर इथं पीथमपूरलाच बनते. पण एवढी मोठी गाडी घरी उभी कुठं करणार, ते आधी ठरवा.

सीएनजीची गाडी कॅम्परसाठी मी घेणार नाही. टाकी मागची जागा खाते, वजन वाढवते आणि झोपायच्या जागेतच येऊन बसते. शिवाय ईकोचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं. लांबचा पल्ला मारून आलात की तो भाग बराच वेळ गरम राहतो, म्हणून झोपताना डोकं मागच्या दाराकडं ठेवायचं. पलंगाचा आराखडा काढतानाच हे धरून चाला.

जुनी गाडी घेत असाल तर सरकत्या दाराच्या रुळाखालचं मॅट उचला आणि बोटानं दाबून गंज बघा. मग एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पंधरा मिनिटं नळीनं छतावर आणि दारांच्या रबरावर पाणी मारायचं. जिथून पाझर दिसेल तिथं खडूनं खूण करा. फोम आणि प्लाय लावून झाल्यावर हा पाझर सापडत नाही, फक्त वास येत राहतो.

कागद आधी, करवत नंतर

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंदलेला आणि कंपनीनं ठरवलेला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. कलम १८२अ खाली बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. घरी बनवलेली गाडी त्यात बसवण्याच्या मागे आपण लागत नाही. आपण गाडी गाडीच ठेवतो आणि आत उचलून बाहेर काढता येईल असं सामान बसवतो.

याचा अर्थ छत कापायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, पत्र्यात नवं भोक पाडायचं नाही. मागची सीट काढून ठेवायची असेल तर आरटीओत लेखी अर्ज करून आरसीवर सीटांची नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. आम्ही ते केलं, दोन-तीन चकरा झाल्या, पण आता नाक्यावर कोणी थांबवलं तर कागद पुढं करता येतो. काचांवर काळी फिल्म लावू नका, सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच ती बंद केली आहे. आडोशाला काय करायचं ते पुढं येतं.

वजन

आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. वजाबाकी करा, तेवढंच तुमचं भांडवल. आम्ही काम सुरू करायच्या आधी आणि संपल्यावर गाडी धर्मकाट्यावर (ट्रक तोलतात त्या काट्यावर) नेली. खर्च नगण्य येतो आणि मनातली शंका मिटते.

आमचा हिशेब असा झाला: आम्ही दोघं १३० किलो, पलंग आणि पेट्या ४०, गादी १२, बॅटरी आणि वायरिंग १२, पाणी २०, बर्फाची पेटी भरून १५, भांडी-शेगडी-शिधा १५, कपडे-अंथरूण १५. एकूण २६० किलोच्या आत. पाच माणसं बसली असती तर त्यांचंच वजन याहून जास्त भरलं असतं, म्हणून स्प्रिंगला हात लावावा लागला नाही.

लोक चुकतात ते प्लायमध्ये. आठ बाय चारची १८ मिमी जाडीची एक शीट ३५ किलोच्या घरात जाते. घरच्या किचनसारखं काम करणारा सुतार सगळीकडं १८ मिमीच धरतो आणि तीन शीट संपवतो, म्हणजे शंभर किलो नुसतं लाकूड. गाडीत ९ मिमी प्लाय आणि खाली एक इंची ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचा सांगाडा पुरतो. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचाच घ्या, तो मरीन प्लाय, पाणी सोसतो. लोहामंडीतल्या फॅब्रिकेटरनं मला विचारलं होतं, "भाईसाब, लोहे का बना दूं? सस्ता पड़ेगा।" स्वस्त पडलं असतं, पण त्या चौकटीचं वजन दुपटीनं वाढलं असतं आणि सिमरोलच्या घाटात ब्रेकनं ते सोसायचं होतं. जड वस्तू खाली आणि दोन्ही चाकांच्या मधे ठेवा, मागच्या दाराच्या टोकाला नाही.

पत्रा, फोम आणि सावली

माळव्याच्या रात्रीचं कौतुक 'शब-ए-मालवा' म्हणून सगळीकडं होतं आणि ते खरंच आहे. मे महिन्यातही सूर्य मावळल्यावर इथं वारा सुटतो. अडचण दिवसभर तापलेल्या पत्र्याची आहे, तो रात्री दहापर्यंत उष्णता आत सोडत राहतो.

यासाठी एसीच्या डक्टवर लावतात तो बंद छिद्रांचा नायट्राइल रबर फोम घ्या, १३ मिमी जाडीचा, मागे गोंद असलेला. ग्लासवूल ओल धरतं आणि धक्क्यांनी खाली बसतं. थर्मोकोल करकरतो आणि पेट घेतो. दोन्ही नकोत. पत्रा आधी थिनरनं पुसा, कोरडा होऊ द्या, मग छतापासून सुरुवात करा. पहिल्या वेळी मी सियागंजातून साधा फोम आणि सुटा गोंद आणला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारी गाडी उघडली तर छताचा अर्धा फोम सीटवर लोंबत होता, कारण छताच्या उष्णतेत तो गोंद पाघळला. उन्हाळ्यात बाहेरचा पत्रा हात लावता येणार नाही इतका तापतो, हे धरूनच गोंद निवडा. काम शक्यतो दिवाळी ते होळी या काळात करा आणि गोंद लावताना सगळी दारं उघडी ठेवा.

फोमकडून काय अपेक्षा ठेवायची तेही सांगतो. तो उष्णता थांबवत नाही, उशिरा आत येऊ देतो. दिवसभर उन्हात उभी केलेली गाडी फोम असला तरी तापणारच. काचांमधून येणारं ऊन अडवणं जास्त उपयोगाचं आहे. प्रत्येक काचेवर आतून वर्तमानपत्र चिकटवून कडा आखून घ्या, त्या मापानं चंदेरी बबल शीट कापा, मागे काळं कापड शिवा, कडेला लहान चुंबकं घाला. गाडी उभी केली की लावायचे, चालवताना काढून गादीखाली सरकवायचे. आडोसाही यातच होतो. सगळे तुकडे शिवायला बायकोला दोन दुपारी लागल्या, आणि पूर्ण गाडीत याहून उपयोगी वस्तू दुसरी नाही असं मी म्हणेन.

हवा

ती पहिली रात्र डोक्यात ठेवून आम्ही हे केलं. पुढच्या दोन्ही दारांच्या काचा पाच इंच खाली घेतल्या आणि त्या फटीत बसतील असे सनबोर्डचे (हलक्या प्लास्टिक बोर्डाचे) दोन पट्टे कापले. प्रत्येक पट्ट्यात १२० मिमीचा कॉम्प्युटरचा पंखा बसवला, बाहेरून बारीक जाळी आणि वर पाऊस आत येऊ नये म्हणून प्लास्टिकची तिरपी पापणी. डावीकडचा पंखा हवा आत घेतो, उजवीकडचा बाहेर फेकतो. १२ व्होल्टवर एक पंखा पाव अँपिअरच्या आसपास वीज घेतो, म्हणजे रात्रभर दोन्ही चालले तरी चार अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास) होतात. कमी फेऱ्यांचे पंखे घ्या, जास्त फेऱ्यांचे घरघर करतात आणि झोप मोडतात. मागच्या दारावर चुंबकाची मच्छरदाणी लावली. नर्मदाकाठी ती नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.

हे बसवल्यापासून छत ओलं झालेलं नाही. थंडीतही दोन्ही पंखे मंद चालू ठेवायचे आणि पांघरूण वाढवायचं.

वीज

आधी खर्च मोजा, मग बॅटरी घ्या. पंखे ४ अँपिअर-तास, दोन एलईडी दिवे ३, दोन फोन ४, एक लहान झुलता पंखा ८ ते १०. म्हणजे रोज वीस. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ व्होल्ट ५० अँपिअर-तासांची बॅटरी दोन रात्री आरामात काढते आणि वजन सहा-सात किलोच्या आसपास भरतं. कॉम्प्रेसरचा फ्रीज घेतलात की उन्हाळ्यात रोज आणखी ३५ ते ४० अँपिअर-तास लागतात, मग बॅटरी १०० ची हवी आणि खर्च दुप्पट होतो. पहिल्या तीन सहली बर्फाच्या पेटीवर काढा, मग फ्रीजचा विचार करा. आम्ही अजून घेतलेला नाही.

घरातल्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी गाडीत टाकू नका. ती पन्नास किलोच्या वर असते आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. झोपायच्या बंद जागेत तो वायू साठू देणं जिवाशी खेळ आहे.

चार्जिंगसाठी गाडीच्या अल्टरनेटरची (इंजिनावर चालणाऱ्या जनित्राची) तार सरळ लिथियमला जोडायची नाही. रिकामी लिथियम इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो. मधे करंट आवरणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवा, आपल्याला १० ते २० अँपिअरचा पुरतो. इंदूर ते मांडू जेमतेम शंभर किलोमीटर, तेवढ्या प्रवासात एका रात्रीचा खर्च भरून निघतो. सौर पॅनल छतावर पक्कं बसवू नका, घडीचं १०० वॅटचं घ्या. छतावरच्या पॅनलला ऊन हवं असतं आणि आत झोपणाऱ्याला सावली. घडीचं असेल तर गाडी चिंचेखाली लावा आणि पॅनल पाच मीटर दूर उन्हात मांडा.

तारेबद्दल जरा सविस्तर, कारण इथं माझ्या हातून चूक झाली होती. घरात वापरतात ती १.५ चौरस मिमीची तांब्याची तार मी चार मीटर अंतरावर नेली. जाऊन-येऊन आठ मीटर. त्यातून १० अँपिअर गेले की जवळजवळ एक व्होल्ट तारेतच खर्च होतो. घरच्या २३० व्होल्टमध्ये एक व्होल्ट कळतही नाही, पण १२ मधला एक गेला की पंखा मंदावतो आणि तार गरम होते. बडवाहच्या पुढं गाडीत प्लास्टिक जळाल्याचा वास आला, थांबून प्लाय उचलला तर जोडाजवळचं आवरण मऊ पडलेलं. महाराणी रोडवरून ४ चौरस मिमीची तार आणली आणि सगळं पुन्हा ओढलं. त्या तारेत हाच तोटा एक तृतीयांश व्होल्ट होतो.

बाकी नियम थोडे आहेत, पण एकही सोडायचा नाही. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत. प्रत्येक शाखेला वेगळा फ्यूज. तारा पिळून टेप गुंडाळायची नाही, टोकांना लग, म्हणजे धातूच्या टोप्या, दाबून बसवायचे. पत्र्याच्या कडेवरून तार जाते तिथं रबरी ग्रोमेट, म्हणजे तार घासू न देणारं कडं. आणि तारा प्लाय लावायच्या आधी ओढा, त्यांचे फोटो काढून ठेवा.

पलंग

पलंगाची उंची अशी काढा: गाडीच्या तळावर बसा, तळापासून छतापर्यंत मोजा, त्यातून तुमची बसकी उंची, गादीची जाडी आणि चार बोटं मोकळी जागा वजा करा. उरेल ती फळीची उंची. खालच्या पेट्या त्या उंचीत बसतील अशा शोधा, उलटं करू नका. बसून जेवता आलं नाही तर पावसाच्या संध्याकाळी गाडी कोंडवाडा वाटते.

फळी अखंड नको. आडव्या तीन भागांत करा, म्हणजे एक उचलली की खालचं सामान मिळतं आणि हमालासारखी सगळी गादी हलवावी लागत नाही. पुढचा भाग पियानो बिजागरीवर (लांब सलग बिजागरीवर) ठेवला की पुढच्या सीटा सरकवून तो उघडता येतो आणि पायांना लांबी मिळते. फळीत दोन-दोन इंचांवर भोकं किंवा पट्ट्यांमध्ये फटी ठेवा, नाहीतर गादीखाली बुरशी धरते. सांगाडा सीटच्या मूळ बोल्टांच्या भोकांतच आवळायचा, आत नायलॉनचं कडं असलेले नायलॉक नट लावून. लाकूड आणि ॲल्युमिनियम जिथं टेकतात तिथं फेल्टची पट्टी चिकटवा, ती नसेल तर प्रत्येक खड्ड्यात करकर ऐकू येते. गादी चार इंची, ४० घनतेच्या एचआर फोमची, खोळ सुती आणि चेन असलेली.

पाणी आणि स्वयंपाक

वीस लिटरचा एक कॅन नको, दहाचे दोन घ्या, उचलणारं माणूस कोण आहे त्याचा विचार करा. चार्जिंगचा जो लहान पंप घरच्या पाण्याच्या जारवर बसतो तोच इथं चालतो. सिंक आणि मोटार यांच्या मागे लागू नका.

स्वयंपाक गाडीच्या आत कधीच करायचा नाही. ईकोचं मागचं दार वर उघडतं, तेच छप्पर. त्याखाली सरकणारी फळी आणि ब्युटेनची लहान शेगडी. उभी गाडी उन्हात तापली की ब्युटेनचा डबा धोक्याचा होतो, त्यावरच ५० अंशांच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं. म्हणून डबे बर्फाच्या पेटीशेजारी ठेवा आणि गाडी दुपारभर सोडून जाणार असाल तर सोबत न्या. घरचा सिलिंडर आणू नका, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साठतो आणि तुम्ही तळाजवळच झोपलेले असता.

ओला-सुका कचरा वेगळा ठेवायला इंदूरकराला शिकवावं लागत नाही. झाकणाचे दोन डबे मागच्या दाराशी बांधा आणि भांडी धुतलेलं पाणी कॅनमध्ये साठवून शहरातल्या नाल्यात ओता, नर्मदेत नाही. रात्रीच्या गरजेसाठी घडीचा कमोड आणि पिशव्या ठेवा. बायकांना रात्री अनोळखी अंधारात उतरावं लागणं हा प्रश्न आहे, तो घरीच बोलून सोडवा.

जिवाची काळजी

झोपताना इंजिन आणि एसी चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही. कितीही उकडलं तरी नाही. दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक सरकत्या दाराजवळ, हाताला येईल असा बांधा. चाइल्ड लॉक लावलेलं नाही ना ते दोघांनी तपासा आणि अंधारात दोन्ही बाजूंनी दार उघडून बाहेर पडायचा सराव करा. आम्ही तो दिवा न लावता, डोळे मिटून, चार वेळा केला.

पहिल्या फेऱ्या

एप्रिल-मेमध्ये महेश्वर किंवा ओंकारेश्वर निवडू नका. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि जाम घाट उतरून निमाडात गेलात की नर्मदाकाठ जवळपास चारशे मीटर खाली. रात्रीची हवा किती बदलते ते काच उघडताच कळतं. उन्हाळ्यात मांडूला किंवा जानापावच्या बाजूला जा, नर्मदा कार्तिकानंतर. मुक्कामासाठी धर्मशाळेचं किंवा हॉटेलचं आवार विचारून घ्या, अभयारण्यात रात्र काढू नका.

पहिल्या फेरीहून परतल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, पन्नास-शंभर किलोमीटरच्या हादऱ्यानं ते सैल पडतातच. सगळे लग हातानं ओढून बघा. गाडी आठवडाभर वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवा, गादी भिंतीशी उभी करा, पाण्याचे कॅन उलटे टांगा आणि फळ्यांची झाकणं उघडी ठेवून सरकती दारं दुपारी तासभर सताड उघडा.